मंडळात ३१, माझ्या मापकात ७२ : गावापुरत्या नोंदी ठेवून काही होते का?

धुऱ्यावरून | १७ जुलै, रात्री ९:१२

रामराम मंडळी. वाचतो बरेच दिवसांपासून, लिहितोय पहिल्यांदा.

आर्वी तालुक्यात आमचं सतरा एकर वावर आहे. बरंचसं काळं, टेकडीकडचं बरड, म्हणजे हलकं मुरमाड. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. गेल्या रविवारी रात्री आमच्याकडे असा पाऊस झाला की गोठ्यातली ढोरं उभीच राहिली. सकाळी साडेआठला मापक काढला, ७२ मिलिमीटर. महसूल मंडळाच्या स्वयंचलित पाऊस केंद्रावर त्याच चोवीस तासांत ३१. केंद्र आमच्यापासून अकरा किलोमीटर, मधात टेकडी. अतिवृष्टी धरायला मंडळात ६५ च्या वर लागतो, म्हणजे कागदावर आमच्या गावात काही झालंच नाही. नाल्याकाठचं दीड एकर सोयाबीन मात्र गाळाखाली गेलं. मी तहसीलला अर्ज देऊन आलो, सोबत वहीची झेरॉक्स जोडली.

वहीची सवय बाबांची. १९८६ पासून त्यांनी रोजचा पाऊस लिहिला, २००९ मध्ये हात थरथरायला लागला तेव्हा थांबले. त्यांचा जुना मापक गंजून गेला. मी मागच्या वर्षी मे महिन्यात फायबरचा नवा बसवला. पहिल्याच हंगामात १,९४० मिमी भरला. आता विहिरीची पातळी आणि मातीची ओलही लिहायची म्हणतो. बायको म्हणते, लिहून पाऊस येते का? तर प्रश्न असा की असं एका माणसाने एका वावरात मोजून खरंच काही हाती लागतं का, आणि लागत असेल तर काय काय मोजावं?

---

वऱ्हाडी_ठेचा | १७ जुलै, रात्री ९:४०

बाप्पा! हेच म्या दोन वर्सापासून सांगून रायलो. पानी पडते आमच्या वावरात, मोजते तिकडं. आमच्या शिवारात बैल वाहून जाइन तरी तिकडचा डबा म्हनते, शिमगा हाय. सोडू नका भाऊ. झेरॉक्स नाई, फोटो जोडा. गावच्या पन्नास लोकायच्या सह्या घ्या. आमी सारे तुमच्यासंग हावो.

---

तर्री_पोहा | १७ जुलै, रात्री ९:५२

टेकडीच्या त्या बाजूला सरकारी पाऊस, या बाजूला खाजगी.

---

निंबोणी | १७ जुलै, रात्री १०:२०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, यवतमाळकडे. आमच्या शाळेत मापक आहे, सहावी-सातवीची मुलं नोंद घेतात. दादा, आधी सांगा तुमचा मापक बसवलाय कुठे? आमचा पहिल्यांदा कडुनिंबाजवळ होता. पाऊस थांबल्यावरही त्यात अर्धा तास पाऊस पडत राहायचा, पानांवरचा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा आणि कडा जमिनीपासून तीस सेंटीमीटर वर. नरसाळ्याची कडा पाणसळीने बघून घ्या, तिरकी नको.

---

धुऱ्यावरून | १७ जुलै, रात्री १०:३१

ताई, मोकळ्यात आहे, घरापासून वीस मीटर. भोवती काटेरी कुंपण केलंय, कारण मागच्या वर्षी जूनमध्येच शेजारच्या बकरीने मोजायची काच फोडली. दुसरी आणली. बकरीचा मालक म्हणे, तुमची काच तिच्या वाटेत होती.

---

आखरावर | १८ जुलै, सकाळी ६:०५

माफ करा, कडू बोलतो. पाऊस मोजा, विहीर मोजा, माती मोजा. बाजारात गेल्यावर कोणी विचारते का तुमच्या वावरात किती ओल होती? मी पंधरा वर्षं खर्चाची वही लिहिली. ती वाचली की झोप येत नाही, म्हणून बंद केली. मोजमाप हा पोट भरलेल्याचा छंद आहे.

---

पऱ्हाटी | १८ जुलै, सकाळी ७:१५

@आखरावर काका, खर्च मोजला की झोप जाते, ओल मोजली की एक पाणी वाचते. दोन गोष्टी वेगळ्या हायेत.

मातीचं मात्र मलाही विचारायचं होतं. मृदा आरोग्य कार्डात बारा घटक लिहून येतात, पण कोरडवाहू भागात नमुना दहा हेक्टरच्या चौकटीतून एक घ्यायची पद्धत आहे. ओलिताखाली अडीच हेक्टरला एक. म्हणजे माझ्या कार्डावरचा सेंद्रिय कर्ब माझाच असेल असं नाही, शेजाऱ्याच्या बांध्यातलाही असू शकते. म्हणून यंदा मी स्वतःचा नमुना दिला. नागमोडी चालत दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीस सेंटीमीटरचे खड्डे, कडेची चकती खरवडली, सारं घमेल्यात मिसळलं, चार भाग केले, समोरासमोरचे दोन फेकले, असं करत अर्धा किलो उरवलं. खताच्या उकिरड्याजवळची, धुऱ्यावरची, झाडाखालची माती घेऊ नका. आमच्या गावात एकाने अंगणातली माती दिली होती. कार्ड पाहून म्हणे, माझं वावर लय सुपीक आहे.

---

रानवाटा | १८ जुलै, दुपारी २:४८

धुऱ्यावरून दादा, "मोजून काय होतं" यावर मला एका बेटाची आठवण झाली. मी मूळची चंद्रपूरची, झाडांवर काम करते. शिकत असताना काही महिने पनामात बारो कोलोराडो नावाच्या बेटावर होते. हे बेट समुद्रातलं नाही. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गातून तलाव भरला, खोऱ्यातलं जंगल बुडालं आणि एका टेकडीचं डोकं तेवढं वर राहिलं. आपल्या तोतलाडोह धरणाच्या पाण्यात टेकड्या डोकं काढून असतात ना, तसं. फक्त हे डोकं साडेपंधरा चौरस किलोमीटरचं. १९२३ पासून ते अभ्यासासाठी राखीव आहे आणि १९४६ पासून स्मिथसोनियन संस्था सांभाळते.

तिथे वर्षाला साधारण २,६०० मिमी पाऊस पडतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा काळ. चार महिने पाऊस नाही म्हणून तिथले लोक चिंता करतात. मी त्यांना आमचे आठ महिने सांगितले तेव्हा त्यांना वाटलं भाषेची गडबड झाली.

मला गंमत वाटली ती यंत्रांची नाही. यंत्रं आहेतच, झाडांच्या शेंड्यावर जाणारे मनोरे आहेत. पण सत्तरच्या दशकापासून मातीची ओल मोजायची मूळ रीत अगदी साधी : ठरलेल्या जागेवरून माती आणायची, वजन करायचं, १०५ अंशांच्या भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायचं. आणि एका लहानशा ओहोळावर, ज्याचं पाणलोट दहाएक हेक्टर असेल, व्ही आकाराची खाच असलेला बांध आहे. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं ते लिहायचं, बस. खाच काटकोनाची असेल तर दहा सेंटीमीटर उंचीला सेकंदाला सुमारे साडेचार लिटर पाणी जातं. वीस सेंटीमीटरला दुप्पट नाही, पंचवीस लिटरच्या आसपास. आपल्या नाल्यावर असा पत्रा कोणीही बसवू शकतो.

आता उपयोग. १९८० च्या सुमारास स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी तिथे पन्नास हेक्टरचा तुकडा आखला आणि त्यातलं एक सेंटीमीटरपेक्षा जाड प्रत्येक झाड मोजलं. दोन लाखांहून जास्त खोडं, तीनशेच्या आसपास जाती. तेव्हाही लोक विचारत असणारच, हे कशाला. आणि १९८३ मध्ये एल निनोचा कोरडा काळ लांबला. १९८५ ला पुन्हा मोजलं तेव्हा कोणत्या जातीची, किती जाडीची झाडं जास्त मेली हे सांगता आलं, कारण दुष्काळाच्या आधीची यादी तयार होती. दुष्काळ पडल्यावर वही उघडली असती तर मेलेली झाडं फक्त दिसली असती.

---

तर्री_पोहा | १८ जुलै, दुपारी ३:१०

दोन लाख झाडं मोजली! आमच्याकडे वृक्षलागवडीत लावतात दोन लाख, मोजायला कोणी जात नाही म्हणून बरं आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा | १८ जुलै, दुपारी ३:२६

ताई, २६०० मिमी म्हंजे आमचे अडीच पावसाळे एका वर्सात. तिथं मातीची ओल कायले मोजता? हात लावला का पानी.

---

रानवाटा | १८ जुलै, सायंकाळी ५:०२

@वऱ्हाडी_ठेचा भाऊ, तिथलीही माती चिकण आहे आणि चिकण मातीचं सोंग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. काळ्या मातीत पंधरा-वीस टक्के ओल वजनात निघते आणि तरी कापसाची पऱ्हाटी मान टाकून उभी असते, कारण ते पाणी मातीने घट्ट धरलेलं असतं, मुळांना सोडत नाही. बरडात तेवढीच ओल असेल तर पीक हसतं. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही.

आणि २६०० मिमीच्या देशात २०२३ मध्ये काय झालं? पाऊस कमी पडला, गातून तलाव उतरला आणि कालव्यातून रोज जाणारी छत्तीसेक जहाजं वर्षअखेर बावीसवर आणावी लागली. एक जहाज पार करायला वीसेक कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं.

---

बोडीकाठ | १८ जुलै, रात्री ८:१९

आम्ही भंडाऱ्याचे, धानवाले. आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हाच मापक. कोहळी लोकांनी बांधले, गोंड राजांच्या काळापासूनचे. तलावाच्या पायऱ्यांवरून गाव सांगते, पाचवी पायरी बुडाली म्हणजे खालच्या बांधीला दोन पाणी पक्के. आजोबा मिलिमीटर कधी बोलले नाहीत. पण गाळ भरत गेला आणि पायरी तीच राहिली. पाचवी पायरी बुडते, पाणी मात्र निम्मंच असते. खूण जुनी झाली की ती खोटं बोलते, हे आम्हाला धान वाळल्यावर कळलं.

---

खारपाणी | १९ जुलै, सकाळी ९:३३

दर्यापूरहून. तुम्ही पाणी किती ते मोजता, आम्ही पाणी कसं ते मोजतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी आहे हो, पण प्यायला तोंड वाकडं आणि पिकाला द्याल तर वरून पांढरी साय धरते. मी पाचशे-सहाशेचा ईसी मीटर आणला, पाण्यातले क्षार मोजतो, पेनासारखा असतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला विहिरीत बुडवतो. पावसाळ्यानंतर आकडा खाली येतो, मार्च-एप्रिलमध्ये चढतो. ४ च्या वर गेला की मी हरभऱ्याला ते पाणी देत नाही, शेततळ्यातलं देतो.

बेटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझा मोठा भाऊ नोकरीत लक्षद्वीपला होता. तिथे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते, सायीसारखं. हिशेब असा की समुद्राच्या पातळीवर एक मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं असते. म्हणून वरचं एक हात उपसलं की खालचं खारं भराभर वर चढते. तिथे मोटार लावायला लोक भितात. आमच्याकडे समुद्र नाही, मीठ गाळातच आहे, पण खोल बोअर मारला की नशीब तेच.

---

वऱ्हाडी_ठेचा | १९ जुलै, सकाळी १०:०१

मोजनं गिजनं ठीक हाय, पन आमचा बुढा नक्षत्रावर चालते आन् चुकत नाई. मृग कोरडा गेला तवा म्हने आर्द्रा धरीन. धरला. मघाची म्हन तर साऱ्यायले ठाव हाय, "न पडल्या मघा तर वर बघा". पहिली ओळ इथं लिहीत नाई, संपादक उडवतीन.

---

संपादक | १९ जुलै, सकाळी १०:१४

उडवतीनच.

---

पऱ्हाटी | १९ जुलै, दुपारी १२:४०

आमच्या आजेसासऱ्यांचा जीव भेंडवळच्या घटमांडणीवर. अक्षयतृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे बघतात, पापड-करंजी कुठे सरकली त्यावरून पाऊसपाणी. पण ते स्वतः दरवर्षी भाकीत कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचे आणि दिवाळीत समोर काय झालं ते लिहायचे. विश्वास आणि हिशेब, दोन्ही. भिंत रंगवताना कागद गेले. किती वेळा जुळलं हे मी पाहिलं असतं.

---

निळा_पंप | १९ जुलै, दुपारी १:२५

मोबाईलवर पावसाच्या अंदाजाला मेघदूत ॲप आहे, वीज पडायच्या इशाऱ्यासाठी दामिनी आहे, वरून उपग्रह बघतो. डबा आणि काच घेऊन चिखलात कशाला जायचं २१ व्या शतकात?

---

निंबोणी | १९ जुलै, दुपारी ४:५०

@निळा_पंप दामिनी प्रत्येकाने ठेवाच, वावरात वीज पडून माणसं जातात. पण अंदाज म्हणजे उद्याचं बोलणं आणि मापक म्हणजे कालचं. आमची मुलं रोज दोन रकाने लिहितात, "काय म्हणाले" आणि "काय पडलं". सातवीतल्या एका मुलाने विचारलं, मॅडम, तिसरा रकाना करू का, "आई काय म्हणाली"? केला. आई सध्या पुढे आहे.

---

भूजलबाबा | १९ जुलै, रात्री ९:०५

उशिरा आलो. सारी नोकरी भूजलाच्या कामात झाली, आता अमरावतीत नातवंडं सांभाळतो.

विहिरीचं आधी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना. जिल्ह्याचा कल कळायला ते पुरतं. तुमच्या वावराला महिन्यातून दोनदा घ्या. कठड्यावर एक जागा तेलरंगाने रंगवा आणि कायम तिथूनच टेप सोडा. पहाटे, मोटार सुरू व्हायच्या आधी. शेजाऱ्याची मोटार रात्रभर चालली असेल तर तेही लिहा. जुने लोक "दोन परस पाणी" म्हणायचे, परस म्हणजे माणूसभर. चालतं, फक्त माणूस दरवर्षी तोच पाहिजे.

आणि पातळी दोन मीटर चढली म्हणून नाचू नका. आपल्या झिजलेल्या काळ्या पाषाणात पाणी मावायला जागा जेमतेम दोन टक्के. विहीर एक मीटर चढते तेव्हा जमिनीत खरं मुरलेलं पाणी वीस मिलिमीटर. म्हणून ती पोळ्याला तुडुंब असते आणि संक्रांतीला तळ दाखवते.

आता दुसरं. धुऱ्यावरून साहेब, तुमची पहिली पोस्ट मी दोनदा वाचली. मागच्या हंगामात १,९४० मिमी? आर्वीकडे? आपल्या भागात सगळा पावसाळा मिळून हजाराच्या आसपास होतो. एकोणीसशे चाळीस झाला असता तर तुम्ही इथे ७२ साठी लिहिलं नसतं, होडीसाठी लिहिलं असतं. रागावू नका. एक काम करा. नरसाळ्याच्या कडेचा आतला व्यास मोजा. आणि ती जी दुसरी काच आणली, तिच्यावर काय छापलंय ते वाचा.

---

धुऱ्यावरून | १९ जुलै, रात्री ९:४४

काकाजी, बॅटरी घेऊन जाऊन आलो. व्यास १६ सेंटीमीटर, एखादी रेघ कमी. काचेवर मिलिमीटरच्या रेषा आहेत आणि खाली बारीक अक्षरात "१०० चौ. सेंमी".

---

भूजलबाबा | १९ जुलै, रात्री ९:५८

हं.

सोळा सेंटीमीटर व्यास म्हणजे तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं. त्यात एक मिलिमीटर पाऊस पडला की वीस मिलिलिटर पाणी जमतं. तुमची काच शंभरच्या तोंडाची, ती दहा मिलिलिटरलाच एक मिलिमीटर म्हणते. बकरीने काच फोडल्यापासून तुम्ही सगळा पाऊस दुप्पट लिहिताय. रविवारचा पाऊस ३६. मागचा हंगाम ९७० च्या आसपास. मंडळाचा ३१ आणि तुमचा ३६, टेकडी धरून अगदी घरातलं अंतर आहे.

---

तर्री_पोहा | १९ जुलै, रात्री १०:००

त्या बकरीला पंचनाम्यात घ्या.

---

वऱ्हाडी_ठेचा | १९ जुलै, रात्री १०:२२

काकाजी, तुमाले आजच भेटला का हिशोब कराले! भाऊ, ऐका माय. अर्ज देऊन झाला हाय. गप बसा. सोयाबीन खरंच गेलं ना? मंग आकडा कोनता का असंना.

---

पऱ्हाटी | २० जुलै, सकाळी ७:०३

नाही पटत. उद्या कोणी व्यास मोजला तर पुढच्या वर्षी खराखुरा ७२ पडला तरी कोणी मानणार नाही. तुमचाच नाही, आम्हा साऱ्यांच्या वह्यांचा भाव उतरेल.

---

आखरावर | २० जुलै, सकाळी ७:४१

मी म्हटलं होतं छंद आहे. पण काकाजींनी घरी बसून अमरावतीहून बकरी पकडली, हे मानलं.

---

धुऱ्यावरून | २० जुलै, रात्री ८:३०

रात्री झोप नाही आली. लाज जास्त वाटली ती बाबांची. ते आता ऐकू येत नाही म्हणून टीव्हीसमोर बसून असतात. सकाळी त्यांना लिहून दाखवलं, काच चुकीची होती. त्यांनी वही मागितली, मागच्या वर्षीची पानं उलटली आणि बोट ठेवत म्हणाले, "मले तवाच वाटलं. येवढ्या पान्यात तूर जगत नसते." मग मले सांगितलं काऊन नाही, तर म्हणे, "तू इचारलं नाई."

उद्या तहसीलला जातो.

एक शंका उरते काकाजी. ३६ मिमीत नाला एवढा फुगतो का? पाऊस दीडला सुरू झाला, अडीचच्या आत संपला. डीपी जाऊन वीज गेली होती म्हणून वेळ ध्यानात आहे.

---

भूजलबाबा | २० जुलै, रात्री ९:१६

फुगतो. आणि इथे तुमची बाजू पुन्हा उभी राहते. चोवीस तासांत ३६ म्हणजे शेतीला वरदान, तासाभरात ३६ म्हणजे माती वाहून नेणारं पाणी. आधीचे चार-पाच दिवस पाऊस असेल तर काळ्या मातीच्या भेगा फुगून मिटलेल्या असतात, आत जायला वाट राहत नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. टेकडीचा उतार धरा, ३६ ने गुणा आणि ते सगळं एका तासात तुमच्या नाल्यात सोडा.

सकाळी साडेआठच्या मापकात ही घाई दिसत नाही, तो एकूण बेरीज सांगतो. स्वयंचलित केंद्र थोड्या थोड्या वेळाने नोंद घेतं, त्यात ती दिसू शकते. अर्जात पाऊस कमी करा, वेळ घाला आणि नाल्याचा, गाळाचा फोटो जोडा. वहीत आजपासून एक रकाना वाढवा : किती वाजता सुरू, किती वाजता बंद.

---

निंबोणी | २१ जुलै, सकाळी ६:५०

आणि मूळ तक्रार खोटी नाही हेही लिहून ठेवते. आमच्या शाळेच्या आणि सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेच्या नोंदी आम्ही जुळवतो, दोन्ही मापक एकाच घडणीचे, काचा तपासलेल्या (काल रात्री मी पुन्हा तपासल्या, खोटं कशाला बोलू). जूनमध्ये एका दिवशी आमच्याकडे ५८ आणि तिकडे ९. महिन्याची बेरीज मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी. वादळी पाऊस असा तुकड्यातुकड्यानेच पडतो. एका दिवसाच्या आकड्यावर ज्याचं नुकसान ठरतं, त्याला हा फरक जड जातो.

---

रानवाटा | २१ जुलै, सकाळी ११:१२

दादा, मागचं वर्ष फेकू नका. सगळे आकडे एकाच प्रमाणात चुकलेत, म्हणून ते निम्मे करून वाचवता येतात. फक्त जुना आकडा खोडू नका, बाजूला दुसऱ्या शाईने दुरुस्त लिहा आणि का ते लिहा. काच कोणत्या तारखेला बदलली तेही, कारण त्याच्या आधीचे दिवस बरोबर आहेत. बाबांच्या तेवीस वर्षांच्या वह्या मात्र वेगळ्या ठेवा. त्यांचा मापक जुन्या पाच इंची तोंडाचा असेल, काच त्याची त्याला असेल तर आकडे थेट चालतील. त्या वह्यांचे फोटो आजच काढा, पहिलं काम ते. वाळवीला दुष्काळ-सुकाळ कळत नाही.

---

धुऱ्यावरून | २१ जुलै, सायंकाळी ६:२५

दिला दुसरा अर्ज. तिथले बाबू दोनदा वाचून म्हणाले, "पाऊस कमी करून द्या म्हणणारा पहिलाच माणूस पाहिला." शिक्का मारून दिला. पंचनाम्याला येतो म्हणाले, बघू.

---

वऱ्हाडी_ठेचा | २१ जुलै, सायंकाळी ६:४०

भैताड माणूस हायेस तू. पन तुया वहीवर आता माया भरोसा हाय.

---

धुऱ्यावरून | पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी १:०८

धागा वर काढतो. पंचनामा झाला, पैशाचं अजून काही नाही. विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची खूण केली, १ ऑगस्टला पाणी खुणेपासून ५.३० मीटर खाली, काल ३.९०. बरडाच्या अंगाची माती आणि नाल्याकाठची माती दर रविवारी शंभर-शंभर ग्रॅम मोजून आणतो. घरी १०५ अंशांची भट्टी नाही, बायकोच्या जुन्या ओव्हनमध्ये वाळवतो. केकचा वास गेला त्याचा, असं तिचं म्हणणं आहे. मधात अठरा दिवस उघाड पडली, तेव्हा बरडाची ओल ९ वर आली आणि तिथल्या तुरीला एक पाणी दिलं. नाल्याकाठी २४ होती, तिथे दिलं नाही. मागच्या वर्षी दोन्हीकडे दिलं असतं. @आखरावर काका, डिझेल वाचलं ते खर्चाच्या वहीत लिहिलंय.

आता अडचण अशी की २०० वाली काच आर्वीत मिळत नाही. नागपूरला सांगून ठेवली आहे.

---

पऱ्हाटी | त्याच दिवशी, दुपारी २:३०

मग आता कशात मोजता?

---

भूजलबाबा | त्याच दिवशी, दुपारी ३:१५

काच कशाला हवी? शाळेच्या प्रयोगशाळेत मिलिलिटरचं मोजपात्र असतं, ते चालतं. आलेल्या मिलिलिटरला वीसने भागा, मिलिमीटर तयार. पाच इंची जुना असेल तर १२.७ ने.

---

धुऱ्यावरून | त्याच दिवशी, दुपारी ३:४०

तेच करतोय काकाजी. पोरीच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने सुरुवात केली होती, दहा मिलिलिटरचं. रविवारी ११ मिमी पडला, बावीस झाकणं भरली. बायकोने पाहिलं आणि आत गेली.